गुणाबाईंचा काळोख

आमच्या सासूबाईंना चांदण्यांचं काडीइतकंही कौतुक नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आता आमच्या शेलखारात जो पाहुणा येतो तो मान वर करून म्हणतो, "गुणाबाईंनी गावाचा काळोख राखला, केवढी दूरदृष्टी!" दूरदृष्टी कसली आलीय? आमच्या सासूबाईंना दोन घरांपलीकडचं दिसत नसे, आणि त्यातलं दुसरं घर त्यांच्या जावेचं होतं. गावाचा सगळा काळोख तिथून आला.

मी मनिषा, त्यांची सून. माझं माहेर कामोठ्याचं. खाली दुकानं, वर क्लास, समोर रिक्षाचा स्टँड आणि रात्रभर खिडकीतून आत येणारा उजेड. दोन हजार पाच साली लग्न होऊन मी शेलखारात आले. पनवेलहून उरणच्या अंगाला जाताना खाडीचा एक फाटा डोंगरामागे शिरतो, तिथे हे गाव. डोंगराच्या त्या बाजूला कळंबोली, कामोठं, सगळी झगमग. ह्या बाजूला आम्ही, मिठागराचे जुने बांध आणि चिखल. पहिल्या रात्री मी अंगणात आले आणि घाबरून परत आत गेले, कारण मला माझा स्वतःचा हात दिसेना. नवरा बाळू हसला. सासूबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "कालोखाला कनाला भ्यायचं? उजेडाला भ्यावं. उजेडात मानसं बगतात."

त्यांचं म्हणणं मला पुढे कळलं. आधी त्यांच्या जावेची ओळख करून द्यायला हवी.

सासऱ्यांचे मोठे भाऊ काळूराम आणि त्यांची बायको रंभा. आम्ही त्यांना मोठ्या आई म्हणतो. सासरे तुळशीराम धाकटे. दोन्ही भावांची लग्नं एकाच मांडवात झाली, एकाच हळदीला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गाव लोटलं होतं. मोठ्या आई करंजा गावच्या, उंच, गोऱ्या, नाकात मोठी नथ. सासूबाई बुटक्या, सावळ्या, मिठागरावर वाढलेल्या. हळद लावायला आलेल्या बायका आधी रंभाकडे वळल्या आणि उरलेली हळद गुणाच्या वाट्याला आली. ही हकिकत मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल आणि प्रत्येक वेळी उरलेली हळद थोडी कमीच झालेली असे. शेवटी शेवटी तर वाटीत नुसतं पाणीच राहिलं होतं.

तेव्हापासून सगळं आधी रंभाला. पहिला मुलगा रंभाला. पहिली लादी रंभाच्या घरात, पहिला टीव्ही, पहिला फ्रिज. काळूरामकाका कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर गेले, मग ट्रकचे मालक झाले, मग जिथे तिथे भराव टाकायची कामं घेऊ लागले. आमचे सासरे मिठागर सुटल्यावर कुठल्याशा गोदामात रखवालदार झाले आणि दिवसपाळी करून घरी येऊ लागले. काळूरामकाकांनी दोन मजली बंगला बांधला, वर मोठी गच्ची. वास्तुशांतीला सासूबाई गेल्या, जेवल्या, आणि गच्ची बघायला चला म्हटल्यावर गुडघा दुखतो म्हणून खालीच बसल्या. ज्या गुडघ्यांनी त्या मांडीभर चिखल तुडवायच्या, ते गुडघे जावेच्या जिन्याला मात्र नेमके दुखायचे. घरी येऊन म्हणाल्या, "त्या गच्चीवर मी मेल्यावर पन जानार नाय." मी मनात म्हटलं, मेल्यावर कोण नेतंय?

सासूबाई वाईट होत्या असं नाही. मला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही की माहेरावरून टोचलं नाही. पण जावेचं काही नवीन दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि आम्हाला त्या दिवशी भाजी खारट मिळायची. मोठ्या आईंकडे मिक्सर आला तो आठवडा आम्ही ताकावर काढला.

एकच गोष्ट अशी होती जी रंभाकडे नव्हती. चिंबोऱ्या.

खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरण्यात सासूबाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. बांबूच्या रिंगणाला जाळं बांधायचं, मधोमध मासळीचं डोकं अडकवायचं आणि पाणी चढायला लागलं की ते खाडीत सोडायचं. ह्याला आमच्याकडे फग म्हणतात. फग सगळेच सोडतात, पण कुठे सोडायचा आणि कधी उचलायचा ते सासूबाईंना जसं साधायचं तसं कोणाला साधलं नाही. अवसेच्या आसपास दिवेलागणीला पाणी फिरतं. तेव्हा सासूबाई आणि सासरे कंदील घेऊन निघायचे. टॉर्च त्यांनी वापरून पाहिले, खाऱ्या पाण्याने सगळे मेले, म्हणून कंदीलच. सासूबाई पुढे, सासरे टोपली घेऊन मागे. परत यायचे ते भांडत यायचे किंवा हसत यायचे, चिखलाने बरबटलेले, आणि टोपलीत चिंबोऱ्या एकमेकींवर चढत असायच्या.

अवसेची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चांदण्यात चिंबोरी म्हणे आपल्याच सावलीला भिते, बिळाबाहेर पडत नाही, खात नाही आणि आतून रिकामी होते. खरंखोटं खाडी जाणे. पण पुनवेला आमच्याकडे चिंबोरी कोणी विकत नाही आणि कोणी घेत नाही.

तर अवसेला मोठ्या आईंना जावेच्या दारात माणूस पाठवावा लागे. काळूरामकाकांना चिंबोऱ्यांचा रस्सा लागायचा, आणि तोही गुणाच्या हातच्या चिंबोऱ्यांचा. पाहुणे जेवताना ते सगळ्यांदेखत म्हणायचे, "अशी चिंबोरी उभ्या पनवेलात मिलनार नाय, आमच्या धाकट्या वयनीची हाय." हे वाक्य सासूबाईंपर्यंत पोचवणारी माणसं गावात पुष्कळ होती. त्या दिवशी भाजी अगदी बेताची खारट असायची.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर मोठ्या आईंच्या गच्चीवर हॅलोजन लागले. प्रणितच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, साखरपुड्यासाठी. दोन मोठे दिवे, खाडीकडे तोंड करून. साखरपुडा झाला, मांडव उतरला, पण दिवे उतरले नाहीत. रोज दिवेलागणीला ते लागायचे आणि सगळा किनारा पांढराफटक व्हायचा. बांध, चिखल, होड्या, आणि वाटेत आमचं अंगण. आमची फुटकी कौलं, दोरीवरची फाटकी गोधडी, चुलीजवळची काळी भांडी, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला लख्ख दिसू लागलं. वर लोक म्हणायचे, "बरं झालं गुणाबाय, तुमाला फुकट लायट!"

हे फुकट सासूबाईंना फार झोंबलं. त्यांनी खिडकीला गोणपाट लावलं. रात्री जेवताना ताटात मोठ्या आईंचा उजेड पडतो म्हणून पाठ फिरवून बसू लागल्या. "तिच्या उजेडात मना घास गिलत नाय," म्हणायच्या. मी म्हटलं, "आई, उजेड काय कोणाच्या मालकीचा असतो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला भात गपचूप संपवला.

पण भांडायचं कशावरून? दिवा तिचा, गच्ची तिची. सासूबाई महिनाभर नुसत्या आतल्या आत जळत राहिल्या.

आणि मग देव पावला. पनवेलच्या बाजारात सासूबाईंचं ठरलेलं गिऱ्हाईक होतं, पद्मजाबाई म्हणून, लाइन आळीत राहणाऱ्या. खाण्यात चोखंदळ आणि बोलण्यात फटकळ. एका अवसेनंतर त्या भर बाजारात येऊन म्हणाल्या, "गुणाबाई, काय दिलंत हो मला? सगळ्या पोकळ! पुनवेच्या धरून ठेवल्या होत्या की काय?" शेजारच्या कोळणी हसल्या. सासूबाईंच्या चिंबोरीला पोकळ म्हणणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं.

त्या घरी आल्या त्या रडवेल्या. टोपली आपटून चुलीपुढे बसल्या. मी चहा दिला. चहा पिता पिता त्यांनी गोणपाटाच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांचा कप हातातच राहिला. चेहरा हळूहळू बदलत गेला. मला आजही तो चेहरा आठवतो. इतका आनंद मी त्यांना नातीच्या बारशालाही झालेला पाहिला नाही.

"मनिषा," त्या म्हणाल्या, "हिनं खाडीत रोजची पुनव केलीय गो! चिंबोऱ्यांना अवस दिसतच नाय!"

आता खरं सांगायचं तर त्या वर्षी खाडीत भराव पडत होता, पाणी गढूळ झालं होतं, कोळंबीही कमीच होती. भराव टाकणारे ट्रक कोणाचे होते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण सासूबाईंना ट्रकशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हॅलोजन सापडला होता.

चार दिवस आमच्या घरात चिंबोऱ्यांची परीक्षा चालली. उजेडातल्या एका टोपात, खडकापलीकडच्या काळोखातल्या दुसऱ्या टोपात. उकडायच्या, फोडायच्या, बघायच्या. काही इकडच्या भरलेल्या निघाल्या, काही तिकडच्या पोकळ. सासूबाईंनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. पण गावकीपुढे कोणत्या न्यायच्या हे त्यांनी पोटाला अंगठा दाबून दाबून ठरवलं होतं.

आमच्याकडे गावकीचा शब्द म्हणजे शब्द. कोर्टकचेरी नंतर, आधी गावकी. समाजमंदिराच्या ओट्यावर बाप्ये बसतात, बायका कडेला उभ्या राहतात आणि सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, हातात झाकलेला टोप घेऊन थेट मधे गेल्या. गावकीचे म्हातारे प्रमुख बाळूआजा. (माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलेलं.) त्यांच्यासमोर सासूबाईंनी दोन चिंबोऱ्या फोडल्या. एकीतून नुसतं पाणी आलं. दुसरीत अंड्यांची लाल गाभोळी अशी गच्च भरलेली की बाळूआजांनी आवंढा गिळला.

"ही हालोजनखालची," सासूबाई म्हणाल्या, "आनि ही खडकापलीकडची. आता तुमीच सांगा."

"अगो, पन चिंबोरीला काय कलतंय, चांद कोनचा आनि हालोजन कोनचा?" बाळूआजांनी विचारलं.

"नाय कलत, म्हनून तं ती फसतेय!"

काळूरामकाका उठले आणि म्हणाले, "माजं घर, माजी लायट. कोनाच्या पोटात का दुखतंय ते सगल्यांना ठावं हाय."

इथे ते चुकले. कारण दुखणारं पोट एकट्या सासूबाईंचं नव्हतं. त्या बंगल्याकडे, त्या गच्चीकडे आणि त्या दिव्यांकडे बघून गावातल्या प्रत्येक घरात काही ना काही खारट होत होतं. गावकीत हात वर झाले ते चिंबोऱ्यांसाठी कमी आणि काळूरामसाठी जास्त. ठरलं असं: वद्य पक्षात, म्हणजे पुनवेनंतर अवसेपर्यंत आणि पुढे चंद्राची कोर ठसठशीत होईपर्यंत, गावात खाडीकडे तोंड करून दिवा लावायचा नाही. रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या घालायच्या. मोडेल त्याने देवळात नारळ ठेवून सगळ्यांपुढे नाक घासायचं. आणि चांदण्याच्या पंधरवड्यात? तेव्हा खुशाल लावा. पुनवेला चिंबोऱ्या तशाही पोकळच.

म्हणजे चांदणं असताना गावात दिवे, आणि काळोख असताना काळोख. वीज मंडळाचा वायरमन हे ऐकून म्हणाला की सगळं गाव एकदमच चळलंय. पण तेलाचे डबे कापून पोरांनी खांबांवर टोप्या चढवल्या, आणि मोठ्या आईंच्या गच्चीवरचे हॅलोजन त्या अवसेला विझले. सासूबाईंनी खिडकीचं गोणपाट काढलं. आम्ही काळोखात जेवलो. भाजी छान झाली होती.

दोनतीन वर्षं सुखात गेली. मग मीच घोळ घातला. माहेरी गेले असताना जिन्यात गप्पा मारताना मी सांगितलं की आमच्या गावात अवसेला दिवे बंद करायची पद्धत आहे. आमच्या इमारतीत कल्पेश म्हणून एक जण सायन्सचे क्लास घ्यायचा. त्याच्याकडे दुर्बीण होती आणि ती लावायला जागा नव्हती. तो पुढच्याच अवसेला मोटारसायकल घेऊन हजर. सासूबाईंना वाटलं चिंबोऱ्या न्यायला आलाय, त्यांनी टोपली पुढे केली. तो बांधावर गेला, वर पाहिलं आणि चिखलातच आडवा झाला. पँट खराब झाली त्याची.

"ताई, हा पट्टा दिसतोय का? आकाशगंगा आहे ही!" तो मला म्हणाला. "मुंबईच्या इतक्या जवळ! हा नियम कोणी केला?"

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. तो पोरगा उठला आणि चिखलाच्या हातांनी त्यांच्या पाया पडला. सासूबाई बुटक्या खऱ्या, पण त्या दिवशी दोन बोटं वाढल्या. आठवडाभर म्हणत होत्या, "शिकलेला पोर पाया पडला. रंभाच्या पाया कोन पडलाय कवा?"

दर अवसेला माणसं येऊ लागली. कामोठ्याची, पनवेलची, पार ठाण्याची. माझी रिया तेव्हा चारेक वर्षांची होती, तीही त्यांच्यात घुसून बोट वर करून नावं शिकू लागली. मलाही काळोख आवडायला लागला होता. ज्याला घाबरून मी आत पळाले होते, त्याच अंगणात मी आता भांडी घासायचं निमित्त करून बसायचे.

पण बांधावर दुर्बिणीचे पाय चिखलात रुतायचे, डास फोडून काढायचे. उंच, मोकळी, पक्की जागा गावात एकच. मोठ्या आईंनी प्रणितला पाठवलं, "त्यांना म्हनावं गच्चीवर या. चा पन हुईल."

गेली सगळी मंडळी गच्चीवर. एकदा गेली ती तिथलीच झाली. मोठ्या आई चहा करायच्या, सतरंज्या घालायच्या. एका पेपरच्या पुरवणीत फोटो आला. दुर्बिणीला डोळा लावलेल्या मोठ्या आई, नथ घालून, आणि खाली छापलेलं: 'काळोख जपणारी गच्ची'.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग त्या पेपरात सुके बोंबील बांधले, आणि बांधताना पहिला बोंबील नेमका फोटोच्या तोंडावर ठेवला.

"कालोख मी केला," त्या म्हणाल्या, "आनि मिरवतेय ती. हलद पन तिलाच, कालोख पन तिलाच." आणि त्या रडल्या. खरंच रडल्या, पदर तोंडात कोंबून. मला हसावं की जवळ घ्यावं कळेना. आधीची जळजळ मी पुष्कळ पाहिली होती, पण ही वेगळी होती. फ्रिज, टीव्ही, लादी हे सगळं रंभाने नवऱ्याच्या जिवावर आणलं होतं. हा काळोख मात्र सासूबाईंनी स्वतः, गावकीपुढे उभं राहून आणला होता. आयुष्यात त्यांनी कमावलेली एवढी एकच मोठी गोष्ट, आणि ती गच्चीवर चढून गेली होती. त्यांना गुडघा दुखत असल्यामुळे तिच्यामागे जाताही येत नव्हतं.

अशात निवडणुका आल्या. एक उमेदवार गावात फिरला आणि धक्क्यावर हायमास्ट देतो म्हणाला. हायमास्ट म्हणजे तो ताडासारखा उंच खांब, ज्याच्या डोक्यावर दिव्यांचं कडं असतं. जागा ठरली आमच्या अंगणाला लागून, आमच्याच जमिनीत. तो सासूबाईंना म्हणाला, "मावशी, बटण तुमच्या घरात देतो. अख्ख्या गावाचा दिवा तुमच्या हातात."

हे ऐकल्यावर सासूबाईंचे डोळे चमकले. हायमास्ट लागला की गच्चीवरून एक चांदणी दिसणार नव्हती. मोठ्या आईंच्या सतरंज्या गुंडाळल्या जाणार होत्या. आणि बटण गुणाबाईंच्या घरात.

मला राग आला. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. "आई, आणि चिंबोऱ्यांचं काय?"

"चिंबोऱ्या गेल्या चुलीत!"

"त्या चुलीतच जातात. मी विचारतेय, काळोखाचं काय? रियाचं काय?"

"रियाला बल्बाखाली अभ्यास करू दे."

गावकीने हात झटकले. बाळूआजा म्हणाले, "नियम गुणानं आनला. तिनं जागा दिली तं तिचा नियम तिनंच उठवला. आमी कोन?" म्हणजे सगळं सासूबाईंच्या हो-नाहीवर येऊन थांबलं, आणि हो त्यांच्या ओठांवर तयारच होतं. त्यांना फक्त ते सांगायला चांगली जागा हवी होती.

जागा कल्पेशने दिली. त्याच्या मंडळींनी ठरवलं की गुणाबाईंचा सत्कार करायचा, शाल आणि श्रीफळ देऊन, अवसेच्या संध्याकाळी. आणि कुठे? अर्थात गच्चीवर. मला वाटलं सासूबाई जाणार नाहीत. पण त्यांनी ठेवणीतली हिरवी साडी काढली, आंबाडा घातला, अबोली माळली. "तिच्याच गच्चीवर, तिच्याच पाव्हन्यांपुढं सांगनार. हायमास्ट येतोय म्हनून. बगू या तिचं तोंड." गुडघ्याचं नावही काढलं नाही. ताडताड जिना चढल्या.

दिवस नुकताच मावळला होता. वर माणसं खुर्च्या मांडत होती. काळूरामकाका नव्हते, ते कळंबोलीला होते. ते कायमच कळंबोलीला असत. आमचे सासरेही नव्हते. सासूबाई कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्या आई त्यांच्याजवळ आल्या. मी मागे रियाला धरून उभी होते.

"भावजी नाय आले?" मोठ्या आईंनी विचारलं.

"पानी फिरलं. पानी काय सत्काराला थांबतंय?"

खाली खाडी काळी होत चालली होती. बांधाच्या टोकाला एक पिवळा ठिपका हलत होता. आमचा कंदील. तो मी कितीदा पुसलाय, कितीदा त्यात रॉकेल घातलंय, पण इथून कधी पाहिला नव्हता. एवढ्या मोठ्या काळोखात तेवढाच एक होता आणि त्याच्याकडे बघितल्यावाचून राहवत नव्हतं.

"आज एकलाच हाय," मोठ्या आई म्हणाल्या. "नायतर दोगं असता. तू म्होरं, भावजी मागं."

सासूबाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"मी बगतंय ना दर अवसेला हितून. घर बांदलं तवापासून. एकदा तू चिखलात रुतलीस, तं भावजींनी टोपली टाकली नि तुला धरून वर काडली. चिंबोऱ्या सगल्या पलाल्या. नि तुमी दोगं उभ्या उभ्या हसत व्हतात. हसनं हितवर येतं गुना, तुला ठावं हाय?" मग एकदम, ओकून टाकावं तसं बोलल्या. "यांनी माज्यासंगं चार पावलं टाकली नाय कवा. जेवाय बसले तं तुज्याच चिंबोरीचं नाव. म्हनून त्यो हालोजन लावला मी. साकरपुडा झाल्यावर प्रणित काडत व्हता, मीच नको म्हनलं. खाडीकडंच तोंड ठेव म्हनलं. त्या उजेडात तुमचा कंदील दिसू नये म्हनून."

मला वाटलं आता सासूबाई जावेच्या पाठीवर हात ठेवतील. माझे डोळेही भरून आले होते. पण तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही. त्यांनी हळूच मान वळवून जावेकडे पाहिलं, खाली कंदिलाकडे पाहिलं, परत जावेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला चहाचा कप हातात धरलेली ती संध्याकाळ आठवली. रंभा जळत होती. गोरी, उंच, नथवाली रंभा इतकी वर्षं ह्या कठड्याशी उभी राहून गुणावर जळत होती. हळदीच्या दिवसापासूनचं सगळं येणं त्या एका क्षणात फिटलं.

सत्कार झाला. शाल अंगावर पडली. कल्पेशने विचारलं, "आजी, दोन शब्द बोलता?"

"त्यो हायमास्ट म्हनतात त्यो येनार व्हता आमच्या अंगनात," सासूबाई म्हणाल्या. "मी जागा देत नाय. अवसेला कालोखच पायजे. पक्का, गच्च कालोख. जरा पन उजेड नको. हितून खाडी नीट दिसली पायजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कल्पेशने चष्मा काढून डोळे पुसले. ठाण्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या की ह्यालाच निसर्गाशी नातं म्हणतात. मोठ्या आई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

पुढच्या महिन्यात अवस आली. दुपारीच सासूबाईंनी कंदिलाची काच उतरवली आणि राखेने घासघासून अशी लख्ख केली की काच आहे की नाही कळेना. बाळूने पाण्यात चालणारा नवा टॉर्च आणला होता. तो त्यांनी फळीवर ठेवून दिला. दिवेलागणीला दोघं निघाले. मी अंगणात भांडी घासत होते. बांधावर पोचल्यावर सासूबाई थांबल्याचं दिसलं. कंदील त्यांनी नेहमीपेक्षा उंच धरला होता.

"जरा हलू चला," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. काळोखात आवाज स्वच्छ येत होता. "आनि हसा."

"कनाला हसू?"

"हसा म्हनलं ना!"

सासरे बिचारे आज्ञाधारक. ते हसले. इतकं खोटं, इतकं घशातून, बकरं खोकल्यासारखं हसले की ते ऐकून सासूबाईंना खरंच हसू फुटलं. मग सासऱ्यांनाही फुटलं. कंदील गदागदा हलायला लागला, आणि ती दोघं म्हातारी गुडघाभर चिखलात उभी राहून पोट धरून हसत राहिली.

तेवढ्यात वर, मोठ्या आईंच्या गच्चीचं दार धाडकन आपटलं.